पुनवेची खिरापत

दसऱ्याच्या दिवशी दिवेलागणीला बायनाबाईने नागुबाईच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार करून सहज विचारलं, "काकू, तुमच्याकडं कोणत्या दिशी यावं?"

नागुबाईला आधी प्रश्नच कळला नाही. ती दाराच्या फटीत उभी होती. तिच्या खोलीच्या दाराला कवाडं दोन, पण उघडायचं ते एकच, उजवीकडचं, आणि तेही अंग तिरपं करून आत-बाहेर करता येईल इतकंच. समोरच्या घरातल्या दगडाबाईची ही नवी सून. वैशाखात लग्न होऊन परभणीत आली होती. हातात सोन्याची परडी, नव्या लुगड्याचा करकर आवाज, आणि तोंडावर कुठल्याही घरात जायची मुभा असलेल्या माणसाचं हसू. "भुलाबाई घेऊन हो," ती म्हणाली. "आत्याबाईनं घरं धरायला सांगितलीत. पुनव आता पाच दिसांवर आली. समद्यायची नावं झाली, तुमचंच ऱ्हायलंय." या पोरीला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हेच गल्ली विसरून गेली असेल. नागुबाईने हातातल्या पानांकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिच्या हातावर कुणी सोनं ठेवलं नव्हतं. दीर शिवमूर्ती घरातल्या पोरांच्या हाती पाठवायचा, ते उंबऱ्यावर ठेवून पळायचे. नाही म्हणायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, "पुनवेला." बायनाबाई मान हलवून पुढच्या दाराकडे वळली. नागुबाईने कवाड लावलं आणि अडसर घातला.

पुनव म्हणालो आपण. एकादशी नाही, बारस नाही, तेरस नाही. पुनव दगडाबाईची होती, आज बावीस वर्षं. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोबा पाटावर बसायचे आणि अश्विनाच्या पुनवेपर्यंत रोज एका घरी जायचे. शंकर-पार्वतीच ते, पण भिल्लिणीच्या वेषात माहेरी आलेली पार्वती, म्हणून तिच्याशी देवासारखं कुणी वागायचं नाही. पोरीबाळी तिच्यापुढे फेर धरून सासूची उणीदुणी काढायच्या. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन यायची आणि वाजवायची, आणि डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. ओळखलं की खिरापत वाटायची. शहरात त्या दिवसांत ढोल बडवायचा म्हटलं तरी पोलिसातल्या अमीनसाहेबाची इजाजत लागायची, मिरवणूक काढायची तर कचेरीत अर्ज. पण बायकांच्या टाळ्यांना आणि डब्याला कुणी इजाजत मागत नव्हतं. आणि गल्लीचा एक कायदा होता, निजामाच्या कुठल्याही कायद्याहून पक्का. पुनवेची खिरापत ज्या घरची ओळखू येणार नाही, त्या घरी भुलाबाईचा पाट वर्षभर राहायचा आणि पुढच्या साली पहिला मान त्या घराला. हा पाट बावीस वर्षं दगडाबाईच्या माजघरात भिंतीला टेकून उभा होता. तिची खिरापत कुणाला ओळखू यायची नाही आणि दुसऱ्या कुणाची तिला ओळखू आली नाही असं झालं नव्हतं. दगडाबाई डबा कानाशी धरायची, एकदा हलवायची, नाकाशी न्यायची, आणि डबा वाजवणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघायची. बस. जवसाची चटणी असो की सीताफळाची वडी, दगडाबाईला ती झाकणाबाहेर दिसायची.

आणि आपण तिची पुनव मागितली. मागितली कुठली, घेतलीच. नागुबाई काळोखात चुलीपाशी बसून राहिली आणि तिला हसू यायला लागलं, मग भीती वाटली, मग पुन्हा हसू. बाहेर दसऱ्याची वर्दळ होती. सीमोल्लंघनाहून परतणारी माणसं, टांग्याच्या घोड्याच्या गळ्यातला झेंडूचा हार खाली पडल्याचा गलका, कुणी कुणाला "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत होतं. नऊ वर्षं तिने सण असाच, आवाजातून, केला होता. तिचा नवरा अण्णाराव गेला तेव्हाही अश्विनच होता. हिवतापाने सात दिवसांत माणूस गेला, बसवून पुरला, आणि जंगमस्वामी तिच्या कपाळाला विभूती लावून म्हणाले होते, "बाई, तुझ्या गळ्यातलं लिंग कुणाच्या जाण्यानं उतरत नाही. तू कमी झालेली नाहीस." तिच्या माणसांत हे खरंच होतं. पण गल्ली काही फक्त तिच्या माणसांची नव्हती. चार घरं लिंगायतांची, बाकी मराठ्यांची, दोन सोनारांची, एक कासाराचं, आणि गल्लीची रीत ही सगळ्यांची मिळून झालेली. विधवा बाईच्या दारात भुलाबाई नेतात की नाही हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. त्या साली फेर तिच्या दाराशी आला, पावलं थांबली, टाळ्या थांबल्या, आणि आत ती भिंतीला पाठ लावून श्वास धरून उभी राहिली. थोड्या वेळाने कुणीतरी हळू म्हणालं, "ऱ्हाऊ द्या गं, दुखात हाय ती." पावलं पुढे गेली. दुसऱ्या साली ती थांबली नाहीत. डावं कवाड तर तिने त्याच साली बंद केलं ते केलंच. कडीवर गंज चढून ती कोयंड्याशी एकजीव झाली. सगळ्यांनी मला टाकलं असं ती मनात म्हणत आली होती. आज एका अजाण पोरीने नुसतं विचारलं तर तोंडून "पुनवेला" आलं. मग दार लावलं होतं कुणी? ती चुलीपाशी बसून स्वतःलाच विचारत राहिली आणि उत्तर आवडेना म्हणून चूल पेटवायला लागली.

खरं तर पहिली दोन सालं सोडली तर ती कधी खेळाबाहेर नव्हती, हे फक्त तिला ठाऊक होतं. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या ओट्यावर डबा वाजला की इकडच्या खोलीत ऐकू यायचा. पहिल्या दोन साली तिने कानात बोटं घातली. तिसऱ्या साली, कासाराच्या घरचा डबा वाजला तेव्हा तिच्या मनात न विचारता शब्द उमटला, "डाळ्या-गूळ". आणि बाहेर दगडाबाई म्हणाली, "डाळ्या-गूळ." नागुबाई त्या दिवशी काळोखात लाजली होती, कुणी बघत असल्यासारखी. मग तो नादच लागला. रोज संध्याकाळी ती कवाडाला कान लावून बसायची. शेंगदाणा ओला असला तर डब्याच्या तळाशी बसतो, भाजका असला तर झाकणाला लागतो. खोबऱ्याचा कीस बोलतच नाही, तो नुसता सरकतो. लाह्यांचा आवाज आधी संपतो आणि मग डबा. दगडाबाईच्या आधी तिला कळू लागलं, आणि पुढे पुढे तर दगडाबाईच्या घरची पुनवेची खिरापत, जी गल्लीत कुणालाच ओळखू येत नसे, तीही ती कवाडाआड पुटपुटायची आणि झाकण निघालं की बायकांच्या "अगं बाई" मधून तिचा निकाल लागायचा. तेव्हापासून ती दोनदाच चुकली होती. ही गोष्ट अण्णारावला सांगितली असती तर तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटला असता. तो तसाच होता, बायकोचं कौतुक तराजूत घातलेल्या डाळीबरोबर फुकट द्यायचा.

सकाळी सडा टाकायला ती बाहेर आली तर समोर दगडाबाई ओट्यावर बसून मिस्री लावत होती. साठीची बाई, अंगाने थोराड, गावाकडे चार आउतांची जमीन, आवाज असा की तिने गल्लीच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची गाय कान टवकारायची. तिने थुंकून तोंड पुसलं. "नागू, आमची सून काय म्हनायलीय? पुनवेचं खरं का?" सडा टाकणारा हात थांबला. आत्ता म्हणता आलं असतं, चुकून बोलले आक्का, पुनव तुमचीच. तिने तांब्यातलं पाणी सगळं ओतून टाकलं. "खरं हाय आक्का." दगडाबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग "बरं. येऊ," म्हणाली आणि आत गेली. हे 'बरं' नागुबाई दिवसभर चघळत बसली. त्यात राग होता का? राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यात दया होती, आजारी माणसाला पथ्यात नसलेलं मागितल्यावर घास देतात तसली. दगडाबाई येईल, पोरी गातील, खोबरं-साखर वाटली जाईल, सगळ्या म्हणतील छान झालं बाई, आणि पाट उचलून समोर नेतील. नागुबाईची कानशिलं तापली. तिला पाट हवा होता. नऊ वर्षांत तिला काही हवं झालं नव्हतं, आणि आता हवं झालं ते एवढं हवं झालं की दुपारची भाकरी ताटातच राहिली. गल्लीने आपल्याला घरात घ्यावं एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. तिला दगडाबाईला हरवायचं होतं.

पण करायचं काय? ती पिशवी घेऊन बाजारात गेली, आणि कितीतरी दिवसांनी मान वर करून गेली. दसऱ्याचा झेंडू अजून दुकानांच्या चौकटींना लोंबत होता, सीताफळांचे ढीग लागले होते, शिंगाडे, पेरू, कोवळ्या काकड्या. एका कोपऱ्यात कुठल्याशा मेळ्याची पोरं तालीम करत होती आणि पानवाला त्यांच्या पेटीला ठेका देत होता. लढाईमुळे साखर मिळेनाशी झाली होती तरी माणसांच्या अंगात सण होता. तिला प्रत्येक जिन्नस आवाजासकट दिसत होता आणि प्रत्येकाला दगडाबाईचं उत्तर तयार होतं. शिंगाड्याचा शिरा? वाजत नाही, म्हणजे मऊ, म्हणजे शिरा नाही तर सांजा, दोन प्रश्नांत संपलं. राजगिरा? इतक्या वर्षांत अकरा वेळा. डब्यात एक सुपारी टाकली की सगळा आवाज फिरतो, हे तिला माहीत होतं, आणि कसं माहीत होतं तेही; पण ती लबाडी झाली. तिने आंब्याच्या मोहोरासारखा वास येणारा पिवळा गूळ घेतला, कशासाठी ते ठरलेलं नसताना, आणि घरी आली तर दाराशी मनकर्णा बसलेली.

मनकर्णा घरोघर लग्नकार्याची कामं धरायची आणि नागुबाईच्या हाताला काम आणायची. "काय गं, बाजारात गेलीवतीस? तू?" तिने डोळे मोठे केले. मग नेहमीचं सांगितलं: तुळशीचं लग्न झालं की तीन घरी लग्नं आहेत, शेर-शेर गव्हले पाहिजेत, शिवाय रव्याच्याच मालत्या, नखुले, फणुले. "तसलेच. तुझ्या हातचे." ती गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघून आवाज बारीक करून म्हणाली. तुझ्या हातचे हे तिला बारीक आवाजातच म्हणावं लागायचं. गव्हला म्हणजे बोटाच्या चिमटीत रव्याचा एकेक कण वळून केलेला गव्हाएवढा दाणा. लग्नाच्या खिरीला तोच, रुखवतात मांडायला तोच, आणि वळायला पाच सवाष्णी बसवायच्या असा शास्त्रार्थ. पाच सवाष्णी पाच-पाच दाणे वळून उठायच्या आणि बाकीचे शेरभर मनकर्णाकडून यायचे. मनकर्णाचे गव्हले परभणीत मशहूर होते. ती कुणासमोर वळून दाखवायची नाही, दृष्ट लागते म्हणायची. "तुझं नाव घेतलं तर घेतील का कुणी?" असं तिने पहिल्या साली विचारलं होतं आणि नागुबाईने मान हलवली होती. तेही तिनेच. दगडाबाईच्या धाकट्या लेकीच्या लग्नाला गेलेले दोन शेर गव्हले नागुबाईने याच खोलीत, लावलेल्या दाराआड वळले होते. ती लेक चुडाव्याला दिली, आणि दगडाबाईने त्यातले मूठभर काचेच्या बरणीत घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवले. आल्या-गेल्याला दाखवायची, हे बघा, असे दाणे आता कुणाला वळता येत नाहीत.

"काय झालं? अशी काय बघायलीस?" मनकर्णा म्हणाली. नागुबाई तिच्याकडे बघत नव्हती. तिला एकदम उमगलं होतं की शहरात एकच जिन्नस असा आहे जो दगडाबाई इथे, या घरात, ओळखू शकणार नाही. कान चुकणार नाही तिचा, नाक चुकणार नाही. ती नागुबाईच्या कपाळाकडे बघून चुकेल. हा विचार इतका सरळ होता आणि इतका कडू की तिने तो जिभेवर एकदा फिरवून बघितला, आणि आश्चर्य म्हणजे तो गोड लागला. "मनकर्णे," ती म्हणाली, "या खेपेला आधी माझ्यासाठी वळते. तुझं मागून."

तीन दिवस ती वळत होती. दुधात भिजवलेला रवा, घट्ट, कुटून कुटून लोण्यासारखा केलेला; डाव्या मुठीत गोळा, उजव्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची एक लहानशी फिरकी, आणि दाणा सुपात. चारठाण्याला माहेरी आईजवळ ती हे शिकली, देवळाच्या गार दगडी ओट्यावर बसून. भर उन्हातसुद्धा तो दगड मांड्यांना थंड लागायचा आणि खांबांवरच्या बायका, नाकं झिजलेल्या, तिच्या सुपात वाकून बघायच्या. आईचे दाणे गुळगुळीत असायचे. नागुबाईचे नव्हते. लहानपणी अडकित्त्याने अंगठा कापला होता, त्याचा व्रण उभा राहिला होता, आणि तिच्या प्रत्येक दाण्याच्या पोटावर त्या व्रणाची केसाएवढी चीर पडायची. तिला रडू यायचं. आई दाणा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली होती, "वेडे, खऱ्या गव्हाला चीर असती. आमच्याच दाण्याला न्हाई." नागुबाई वळत गेली. अंगठा दुखला की आईचा आवाज यायचा, बोटं थांबली की अण्णारावचा, तो एका डोळ्याने वहीत आणि एका डोळ्याने तिच्याकडे बघत म्हणायचा, किती बारीक गं, मुंगीच्या लग्नाला का? आजवर वळलेला प्रत्येक दाणा दुसऱ्याच्या मांडवात गेला होता, आणि ती त्या मांडवात कधी गेली नव्हती. हे दाणे कुठे जाणार नव्हते. अश्विनातलं ऊन कडक होतं. दोन उन्हांत ते वाळून टणटणीत झाले. पुनवेच्या सकाळी तिने ते अगदी थोड्या तुपावर फुलेपर्यंत परतले, गुळाच्या पाकातून काढले, वेलची घातली नाही, आणि ताटात एकमेकांपासून सुटे करून गार केले. पितळी डब्यात भरून झाकण लावलं. तिने डबा स्वतःच्या कानाशी नेला आणि डोळे मिटून हलवला. तिलासुद्धा ओळखू आला नसता.

ओट्यावर सारवून तिने रांगोळी काढली. चंद्र अजून कौलांच्या आड होता, पण गल्लीचं आभाळ उजळायला लागलं होतं. पावलं आली. थांबली. या वेळी ती दारात होती. बायनाबाई डोक्यावर पाट घेऊन पुढे, त्यावर भुलाबाई आणि भुलोबा ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात, मागे तीस-चाळीस बायका, पोरी, कासारीण, सोनारणी, मनकर्णा सगळ्यात मागे तोंड लपवून, आणि दगडाबाई. पाट ओट्यावर ठेवला. दिवा लागला. एका पोरीने टाळी दिली आणि फेर फिरायला लागला, सासर द्वाड, माहेर गोड, भुलोबा अडाणी. गाणी लांबत गेली आणि नागुबाईला प्रत्येक गाणं कवाडाआडून पाठ होतं. बायनाबाईने तिचा हात धरून तिला ओढलं. ती दोन पावलं अडखळली आणि तिसऱ्याला फेरात मिसळली. तिचे पाय काही विसरले नव्हते. गुडघे दुखले, ऊर धपापलं, कपाळावरची विभूती घामाने ओली झाली, आणि तिला लाज वाटली नाही.

मग तिने डबा आणला. वाजवला. पोरी ओरडल्या: तीळ, साबुदाणा, लाह्या, साखरफुटाणे. ती नाही नाही म्हणत गेली. शेवटी सगळ्या दगडाबाईकडे बघू लागल्या. दगडाबाईला तीनदा सांगायचा हक्क. तिने डबा हातात घेतला, पण मांडीवरच ठेवला. मऊ आवाजात म्हणाली, "खोबरं-साखर असंल बाई. न्हाई? मग काय, मला कुठं येतंय." बायका हसल्या, प्रेमाने. झालं, हेच ते 'बरं'. दोन वाक्यं बोलायचा अवकाश होता आणि पाट तिला भीक म्हणून मिळणार होता.

"आक्का," ती म्हणाली, "डबा कानाला लावला न्हाई तुमी."

दगडाबाईने मान वर केली. "काय?"

"खोबरं बोलत न्हाई, हे तुमाला म्या सांगावं का? असं फुकटचं नको मला. हे मी धरत न्हाई. पुन्हा तीन घ्या, आन खरे घ्या."

दगडाबाईच्या चेहऱ्यावरचं मऊपण उतरलं आणि खालून खरी दगडाबाई वर आली. नागुबाईला तिची कधी इतकी माया वाटली नव्हती. म्हातारीने पदर खोचला. डबा कानाशी नेला, हलवला. नाकाशी नेला. पुन्हा हलवला. "बारीक दाणा हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "तांदूळ न्हाई, तांदूळ सरकतो. हे लोळायलंय. गोड का तिखट?"

"गोड."

"गूळ लावलेली जोंधळ्याची कणी."

"न्हाई."

दगडाबाईने झाकणाची कड बोटाने पुसून बोट हुंगलं. बराच वेळ. "गहू हाय," ती म्हणाली. "गुळातला भाजका गहू."

नुसतं नाही म्हणून भागलं असतं. पण ज्या खेळात खरेपणा तिनेच मागितला होता त्यात ती अर्धं खोटं कसं बोलणार? "गव्हाचं हाय," ती म्हणाली, "पर गहू न्हाई." एवढं सांगितल्यावर लहान पोरीलाही ओळखू यावं. दगडाबाईचे डोळे बारीक झाले. गव्हाचं, पण गहू नाही, दाण्याच्या आकाराचं, गोड. नागुबाईने तो शब्द म्हातारीच्या तोंडाशी येताना पाहिला. ओठ मिटलेसुद्धा त्यासाठी. आणि मग दगडाबाईने सवयीप्रमाणे डबा वाजवणारीच्या तोंडाकडे पाहिलं, वर, कपाळाकडे, विभूतीच्या तीन पट्ट्यांकडे, जिथे कुंकू नव्हतं, आणि तो शब्द आल्या पावली परत गेला. तसा तो या घरात असूच शकत नव्हता. "भरडा," ती म्हणाली. "गव्हाचा भरडा, पाकातला."

"न्हाई," नागुबाई म्हणाली आणि तिने झाकण काढलं.

चंद्र तेवढ्यात कौलांवर आला होता. डब्यात सोन्याच्या रंगाचे दाणे, एकासारखा एक. दगडाबाईने एक दाणा उचलला, दिव्याशी नेला, नखाने उलटा केला. पोटावरची चीर बघितली. ती चीर ती सात वर्षं रोज देव्हाऱ्याशेजारी बघत होती. तिने मान वळवून गर्दीत मनकर्णाला शोधलं. मनकर्णा पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, "हात तिचाच हाय, आक्का. आदीपासून. मी निस्ती न्यायचे."

"म्हंजे माझ्या लेकीच्या लग्नात," दगडाबाई सावकाश म्हणाली, "तुझा हात व्हता."

"व्हता," नागुबाई म्हणाली. "दोन शेर. लेकीच्या, सोनाराच्या दोन्ही पोरींच्या, कासाराच्या भाचीच्या. या गल्लीतल्या समद्या लग्नांत व्हता."

सगळं त्या एका दाण्यावर येऊन थांबलं होतं. दगडाबाई तो दोन बोटांत धरून बसली होती. टाकेल? धुऊन काढेल हात? नागुबाईला कळलं की तिने टाकला तरी आपण रडणार नाही. आपण बोललो आहोत, मोठ्याने, दिव्यात, आणि ते आता परत घेता येत नाही. "तीन लेकरं हायेत लेकीला," दगडाबाई कुणालाही न सांगता म्हणाली. "नवरा कदी हात उगारत न्हाई. घर दुदातुपानं भरलंय." आणि दाणा तोंडात टाकला. दाढेखाली तो फुटल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला. "हरले गं," ती म्हणाली. "बावीस सालानं हरले. काय बघायल्यात? पाट आत न्या."

मग जो गलका झाला तो गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला असेल. डबा हातोहात फिरला, पोरींनी दाणे मोजून मोजून खाल्ले, सोनारीण डोळे पुसत नागुबाईचा अंगठा उलटासुलटा करून बघत होती. भुलाबाई-भुलोबाला उतरवून बायनाबाईने विसर्जनासाठी टोपलीत ठेवलं आणि पाट उचलला. पण पाट रुंद होता, एका कवाडातून जाईना. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. "ते दुसरं उघड की," दगडाबाई म्हणाली. नागुबाईने कडीला हात घातला. कडी हलली नाही. कासारीण आली, दोघी आल्या. शेवटी दगडाबाईने स्वतःच्या घरून बत्ता मागवला आणि पदर कमरेला बांधून तीन घाव घातले. चौथ्याला कडी तुटून पडली. डावं कवाड नऊ वर्षांची धूळ झटकत उघडलं आणि चांदणं थेट चुलीपर्यंत गेलं. पाट सरळ आत गेला. नागुबाईने तो भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. जिंकलं होतं तिने, खरंखुरं, आणि तिला ते अंगभर कळत होतं.

बायका पांगायला लागल्या, आटवलेल्या दुधाची वेळ झाली होती. दगडाबाई उंबऱ्यातून निघाली तशी नागुबाई तिच्याजवळ गेली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, चार सालामागं पुनवेला तुमी हळिवाच्या वड्या केल्यावत्या. डब्यात सुपारी टाकलीवती. आवाज फिरवायला."

दगडाबाई जागच्या जागी उभी राहिली. तिने मागे बघितलं, पुढे बघितलं. "कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. ऐकली. वड्या थांबल्यावर ती एकदा जास्त लोळली."

म्हातारी आधी लाल झाली, मग तिच्या पोटातून हसू उठलं आणि खांदे हलायला लागले. "आन चार साल गप बसलीस व्हय, रांडे? सांगितलं न्हाईस कुनाला?"

"सांगू कुनाला?" नागुबाई म्हणाली. "दार लावलेलं व्हतं." आणि तीही हसायला लागली. तिचं हसणं दगडाबाईच्या हसण्याहून मोठं होतं हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.